तिसरा खिळा

११ जानेवारी

आज लिहिते, उद्या लिहिते करता करता महिना उलटला. ही वही माझ्या नवऱ्याच्या, नीलोच्या अंत्यविधीच्या वेळी तिथल्या बाईनं दिली होती. "मनात येईल ते लिहीत जा, हलकं वाटेल," म्हणाली. पहिल्या पानावर मी काय लिहिलं? दूध, अंडी, मशीनचं तेल, पांढरे टॉवेल. ते पान फाडलं नाही, राहू दे. लिहायला बसलं की आठवतं भांडी राहिलीत, भांड्यांकडे गेलं की आठवतं फावडं बाहेर बर्फात राहिलंय. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ओपलचं डोकं म्हणजे दार उघडं टाकलेलं कोंबड्यांचं खुराडं. सोळाव्या वर्षी मीच त्या दारातून बाहेर पडले.

आजही लिहितेय ते दुसरं लिहिणं टाळायला. समोर बार्बरच्या लायसन्सचा अर्ज पडलाय. लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा, नोव्हेंबरात, पास. नीलोनं ते पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथपर्यंत ओढत नेऊन दाखवलं. गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. मग चार डिसेंबरला जंगलात त्याच्या अंगावर झाड आलं. एवढंच लिहिते.

अर्जातला पहिलाच रकाना: लायसन्सवर छापायचं नाव.

दुकान माझ्या सासऱ्याचं, आर्वो कांगासचं. त्याआधी त्याच्या बापाचं. आम्ही राहतो वर, दुकान खाली. आरशाच्या उजवीकडे तीन खिळे आहेत. पहिल्यावर आजोबांचं लायसन्स, कॉफी सांडल्यासारखं तपकिरी झालेलं. दुसऱ्यावर आर्वोचं. तिसरा खिळा नीलो जन्मला त्या आठवड्यात आर्वोनं ठोकला. पण नीलोला केसांनी शिंका यायच्या. तो लाकूडतोडीच्या टोळीत गेला आणि तो खिळा पंचवीस वर्षं रिकामाच राहिला. कधी कॅलेंडर, कधी आर्वोची टोपी. मी आले, हातात कात्री धरायला लागले, तेव्हा नीलोनं ती टोपी काढली आणि म्हणाला, "आता यावर काही अडकवायचं नाही. ही जागा कांगासबाईंची."

कांगासबाई म्हणायचा, पण माझ्या कुठल्याच कागदावर मी कांगास नाही. शिकाऊ तासांच्या वहीत माहेरचं प्रूइट, परीक्षेला प्रूइट, गाडीच्या लायसन्सवर प्रूइट. बदलायला पन्नास मैल जावं लागतं. "कधी जायचं, कांगासबाई?" "जाऊ रे, नाव कुठं पळून चाललंय?" सव्वा वर्ष हेच चाललं होतं. नाव पळालं नाही.

१२ जानेवारी

भरला अर्ज. ओपल कांगास.  सोबत लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं, सोनेरी किनारीचं, माझ्या, नीलोच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्यांचं. भिंतीवरून काढताना मागे चौकोन उमटलेला दिसला, बाकी भिंत चुलीच्या धुरानं पिवळी.

आर्वोला सांगितलं, "तुमच्या शेजारी आता एक कांगास येणार."

तो वस्तरा पट्ट्यावर परजत होता. थांबला. "प्रूइट लावलं असतंस तरी चाललं असतं," म्हणाला.

गंमतच केली असेल. तसा तो बोलतो कमी. दोन वर्षांत माझ्याशी सगळं मिळून जेवढं बोलला तेवढं मी एका बस प्रवासात शेजारच्याशी बोलते.

२ फेब्रुवारी

अर्ज परत आला. पत्र सभ्य आहे: जोडलेला कागद शोभेचा आहे, सरकारी नोंद नाही, काउंटीच्या कचेरीतून विवाह नोंदणीची प्रत पाठवावी, पंधरा मार्चपर्यंत.

शोभेचा! मी तो कागद आमच्या पलंगामागच्या भिंतीवर लावला होता. रेमीनं तो भेटकार्डांच्या दुकानातून आणला होता हे मला माहीत होतं, पण मला वाटलं सरकारचे कागद तिथेही मिळत असतील. इथल्या दुकानांत मिठाची पुडी मिळते, गोळ्या-बंदुका मिळतात, लग्नाचा कागद का नाही?

रेमी म्हणजे नीलोचा जिवलग. आमचं लग्न त्यानंच लावलं. चर्चला मी जात नाही, नीलो नाताळापुरता जायचा. म्हणून रेमीनं इंटरनेटवर अर्ज भरून पाद्रीपण घेतलं, दहा मिनिटांत. तळ्याकाठी, सप्टेंबरात. भाड्याचा कोट, बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. "मला मिळालेल्या अधिकारानं," म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. साक्षीदार दोन: आर्वो आणि हिल्डिंग, म्हणजे रोज सकाळी दाढीला येणारे आमचे म्हातारे गिऱ्हाईक. हिल्डिंगनं सही करताना विचारलं होतं, "यात माझ्यावर काही कर्ज वगैरे नाही ना चढत?"

काउंटीला मंगळवारी जाईन. नुसती प्रत तर आणायचीय.

६ फेब्रुवारी

जाताना रस्त्यावर एक कोल्हा दिसला, शेपटीवर बर्फाचा गोळा अडकलेला. मी गाडी थांबवून बघत बसले. वेळेवर कुठंच न पोचण्याची मला खोड आहे. चेरीच्या बागेत, जत्रेतल्या पाळण्यांवर, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, सगळीकडून मला उशिरा आल्याबद्दल काढलंय. इथे मात्र काढलं नाही. इथे मी सगळ्यात जास्त दिवस राहिलेय.

कचेरीत मार्गो नावाची बाई. चष्मा साखळीला. दोनदा शोधलं, स्पेलिंग विचारून शोधलं, मग मागे जाऊन मोठं रजिस्टर आणलं.

"परवाना आम्ही दिलेला आहे. ही तारीख, ही तुझी सही. पण तो परत आलेला नाही."

"परत म्हणजे?"

"लग्नाआधी तुम्हाला परवाना देतो ना, त्यावर लग्न लावणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही घेऊन तो दहा दिवसांत आमच्याकडे परत यायला लागतो. मग आम्ही नोंद करतो. पत्ता छापलेला लिफाफासुद्धा आम्हीच देतो."

तो परवाना मला आठवला. आर्वोच्या स्वयंपाकघरात, निसूच्या ताटाशेजारी सगळ्यांनी सह्या केलेल्या. वेलदोड्याचा गोड पाव, वर साखर. रेमीच्या बोटांची साखर कागदाला लागली होती. मला वाटलं होतं ती सही सोनेरी कागदाची रंगीत तालीम.

"म्हणजे माझं लग्न झालंच नाही?"

"असं मी म्हणत नाही, बाळ. झालं असेल. आमच्याकडे आलं नाही." मग मवाळ झाली. "वर्षाला दोन-तीन निघतात अशी. मित्र लग्न लावतो, सही करतो, नाचतो, आणि कागद कोटाच्या खिशातून धुवायला जातो. घाबरू नकोस. मूळ कागद सापडला तर उशिरा का होईना नोंदवू. नाही सापडला तर लग्न लावणाऱ्यानं आणि दोघा साक्षीदारांनी इथे येऊन शपथेवर लिहून द्यायचं."

मी उठले. ती मागून म्हणाली, "आणि येताना नवऱ्यालाही घेऊन ये, सोपं पडेल."

मी "बरं" म्हटलं.

७ फेब्रुवारी

"बरं" का म्हटलं मी?

१० फेब्रुवारी

रेमीला सतरा फोन केले. उचलत नाही. अंत्यविधीनंतर तो नॉर्थ डकोटाला तेलाच्या विहिरींवर निघून गेला. त्या दिवशी जंगलात तो नीलोच्या बरोबर होता. बातमी द्यायला तोच आला होता, बूट न काढता, दारातच उभा. तेव्हापासून गायब. निरोपात मी बरंच काही बोलले. "एक कागद पोस्टात टाकायचा होता रे, गाढवा, एक कागद!" वगैरे. शेवटचा निरोप लिहिण्यासारखा नाही.

दुकानात हिल्डिंगना सगळं सांगितलं. चेहऱ्याला फेस, त्यातून म्हणाले, "म्हणजे सव्वा वर्ष तुम्ही पापात राहिलात की काय? आणि मी साक्षीदार?"

"हिल्डिंग, हलू नका, कान जाईल."

"जाऊ दे, बायकोचं ऐकायला लागणार नाही."

मी हसले, आणि हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. आर्वोनं माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि उरलेली दाढी स्वतः केली.  गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "प्रूइटच लाव, पोरी. नाव काही असू दे, हात तोच."

आता मात्र लागलं. म्हणजे त्या दिवशीही गंमत नव्हती. त्याला ते नाव माझ्या अंगावर नकोच आहे. त्याची बायको, लॉर्ना, नीलो चार महिन्यांचा असताना निघून गेली, दुसऱ्या हिवाळ्यात. गावात कांगास हे नाव ती जाताना सगळ्या दुकानांच्या उधारीवर ठेवून गेली म्हणतात, आणि घटस्फोटापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात आर्वोची दोन वर्षं गेली. मी आले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी आणि दहा गावांचे पत्ते. मला बघून तो पहिल्याच जेवणाला म्हणाला होता, "पहिला हिवाळा टिकलीस तर बघू." नीलो हसला, मीही हसले.

टिकले की मी. दुसराही टिकतेय.

१२ फेब्रुवारी

सोमवार, दुकान बंद. साफसफाई केली. कंगवे जंतुनाशकाच्या निळ्या पाण्यात, खुर्चीला तेल, आरसे. गल्ल्याखालचा खण अडकून बसतो, तो ओढायला गेले तर आर्वो जिन्यावरून म्हणाला, "तो राहू दे." त्यात त्याच्या बापाचे वस्तरे आहेत म्हणे. राहू दिला.

दगडी खोलीपर्यंत चालत जाऊन आले. हिवाळ्यात गेलेली माणसं आमच्याकडे तिथे थांबतात. जमीन मऊ झाली की मे महिन्यात पुरायचं. नीलोशेजारी आणखी तिघं आहेत. दाराला बाहेरून कडी. मी उगाच कडी नीट लागलीय का बघितली. दफनभूमीची देखभाल करणाऱ्यानं विचारलं, मेमध्ये कुटुंबाच्या जागेत नोंद करताना नातं काय लिहायचं? म्हटलं, कळवते.

१५ फेब्रुवारी

रेमीचा मेसेज आला. तसाच उतरवते:

"लग्नाच्या दुसऱ्या सकाळी टोळीची गाडी खाली थांबली होती. लिफाफा बंद करून, तिकीट लावून दुकानात दिला. दहा वेळा आठवून पाहिलं, दिला होता. फोन करू नकोस ओपल. तुझा आवाज मला ऐकवत नाही."

ऐकवणार कसा? चोराच्या मनात चांदणं.

खाली जाऊन आर्वोला विचारलं. हिल्डिंग खुर्चीत होते.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रेमीनं इथे लिफाफा दिला होता म्हणे. तुम्ही पाहिला होता?"

आर्वोनं ब्रश फेसात फिरवला. बराच वेळ फिरवला. "दुकानात पुष्कळ कागद येतात," म्हणाला.

"पांढरा, लांबट, काउंटीचा पत्ता छापलेला."

तो हिल्डिंगच्या गालाला फेस लावायला लागला.

"आर्वो," हिल्डिंग म्हणाले, "ही बाजू तू आत्ताच केलीस."

वर येऊन विचार करत बसले. रेमी खोटं बोलत नसेल तर मग कोण? दुकानाचं टपाल रोज सकाळी नीलो टाकायचा, कामावर जाता जाता, पोस्ट शेजारीच तर आहे. त्या सकाळी त्याची सुटी होती. तो कॉफी आणायला खाली गेला होता हे मला पक्कं आठवतं, कारण तो खूप वेळ आला नाही आणि मी पांघरुणात एकटी पडून विचार करत होते की आता मी कुणाची तरी बायको आहे, आता मला खिडकीतून बस दिसली तरी उठायचं नाही.

म्हणजे लिफाफा नीलोच्या हातात गेला.

१६ फेब्रुवारी

आणि त्यानं टाकला नाही.

१९ फेब्रुवारी

तीन दिवस त्याचं सगळं उपसलं. कोट, लाकडाचा भुसा भरलेले खिसे, माशांच्या गळांचा डबा, ट्रकच्या सीटखालची जागा. ट्रकमध्ये सापडलं: दोन हातमोजे (दोन्ही डावे), अर्धी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, कागदात दगड झालेली, माझा हरवलेला कंगवा. पास्टीवर त्याच्या दातांची खूण. ती मी फेकू शकले नाही, परत तिथेच ठेवली.

लिफाफा नाही.

मला आता सगळं दुसऱ्या उजेडात दिसायला लागलंय. "कधी जायचं, कांगासबाई?" विचारायचा, पण कधी गाडी काढून उभा राहिला का? नाही. मी "जाऊ रे" म्हटलं की त्याला बरंच वाटत असेल. बापानं सांगितलं असेल, ही पोरगी टिकायची नाही, पक्कं काही करून ठेवू नकोस. आणि त्यानं एक दार किलकिलं ठेवलं, मला न सांगता. मी आयुष्यभर दारं उघडी टाकून निघत आले. एकदाच एक लावून घेतलं, तर कडी पलीकडून काढलेली.

त्याचा फोटो उलटा करून ठेवला.

२१ फेब्रुवारी

आर्वोनं फोटो उलटा बघितला. जेवताना. त्याचा चमचा मधेच थांबला.

"ते का?"

"त्यालाच विचारा," मी म्हटलं. "कागद त्याच्या हातात होता. बायको करायची नव्हती तर तोंडानं सांगायचं."

आर्वो उठून गेला. मटार सूप तसंच. त्याला मी सूप टाकताना कधीही पाहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

शनिवार, सौनाचा, वाफेच्या आंघोळीचा दिवस. आर्वोनं चूल पेटवली पण आत गेला नाही. दुपारी त्यानं ट्रक काढला आणि तीन तास गायब. आला तो हातात नीलोचं हेल्मेट घेऊन. नारिंगी, डाव्या बाजूला चेपलेलं. लाकूडतोडीच्या कंपनीच्या शेडमध्ये तेव्हापासून पडून होतं. मी ते मागायला गेले नव्हते. जाववलं नव्हतं.

त्यानं ते माझ्यासमोर टेबलावर उलटं ठेवलं. "वाच," म्हणाला.

आतल्या बाजूला पट्टी चिकटवलेली असते, काही झालं तर कुणाला कळवायचं त्याची. नीलोचं वाकडं अक्षर, न पुसणाऱ्या शाईचं: ओपल कांगास. बायको. खाली आमचा नंबर. तारीख लग्नानंतरच्या सोमवारची.

मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. हेल्मेटला त्याच्या डोक्याचा वास अजून आहे, घाम आणि पाइनचा चीक. आर्वो उभाच होता, हात लोंबकळत. हात रिकामे असताना हा माणूस किती म्हातारा दिसतो.

"त्याला तू बायको हवी होतीस," म्हणाला. "त्याच्याबद्दल तसं मनात ठेवू नकोस. त्याच्याबद्दल नको."

"मग पाठवला का नाही त्यानं?"

आर्वोनं तोंड उघडलं. मी खरंच वाट बघत होते. मग तो वळला आणि सौनात गेला, चूल केव्हाच विझली होती तरी. तासभर थंड खोलीत बसून राहिला. बिचारा. मुलाची बाजू घ्यायला एवढं फिरला आणि उत्तर त्याच्याकडेही नाही.

फोटो सुलटा केला. पण कळत नाही. पट्टीवर बायको लिहिणारा माणूस पोस्टाच्या पेटीपर्यंत का जात नाही?

२८ फेब्रुवारी

ठरवलं. रेमी येणार नाही, कागद सापडणार नाही, आणि पंधरा मार्च काही थांबणार नाही. नवा अर्ज भरला: ओपल प्रूइट. सोपा आहे. काहीच जोडावं लागत नाही, मी आयुष्यभर जशी होते तशीच.

लायसन्स आलं की ते पिशवीत टाकायचं. न्हाव्याला कुठल्याही गावात काम मिळतं, केस सगळीकडे वाढतात. मेपर्यंत थांबेन, नीलोला जमिनीत ठेवेपर्यंत. दफनभूमीवाल्याला सांगेन, नातं: ओळखीची. नाही, हे नको लिहायला. लिहिलं.

आर्वोला दुकान झाडताना सांगितलं. "मेनंतर मी जाईन. तिसऱ्या खिळ्यावर तुमची टोपी लावा परत."

तो केर सुपलीत भरत होता, पांढरे, करडे, हिल्डिंगचे चार. सुपली भरली तरी झाडतच राहिला.

मी लिफाफ्याला तिकीट लावलं. पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि मी अजून चपलांत. आर्वोनं हात पुढे केला. "दे, मी टाक—" एवढंच म्हणाला आणि हात हवेतच राहिला. लिफाफ्याकडे असं बघत होता जणू तो तापलेला तवा आहे. मग हात मागे घेतला, पॅंटला पुसला.

"नको," म्हणाला. "तूच टाक. माझ्याकडे देऊ नकोस."

"थकलात का?"

"पोरी, तीन दिवस थांबशील? शनिवारपर्यंत टाकू नकोस."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवारपर्यंत," एवढंच.

दोन वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. थांबेन. तीन दिवसांनी काय बिघडतंय? लिफाफा आरशाला टेकवून ठेवलाय.

रात्री जिन्यातून त्याचा आवाज ऐकला. फोनवर होता. आर्वो आणि फोन! कुणाला तरी सांगत होता, "नाही, ती नाही. मी बोलतोय. ऐक आधी." मग दार लावून घेतलं. थडग्याचा दगड करणाऱ्याशी असेल, दगडावरच्या अक्षरांबद्दल.

२ मार्च, शनिवार

मागच्या खोलीत बसून लिहितेय, टॉवेल वाफेला लावलेत. बाहेर सकाळपासून बर्फ पडतोय, तरी खुर्च्या भरलेल्या, शनिवार आहे. आर्वोनं आज पांढरा कोट इस्त्री करून घातलाय. सकाळपासून दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर बघतोय. दोनदा त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दोनदा कुणी तरी दार उघडून बर्फ आत आणला.

हिल्डिंगनी विचारलं, "आर्वो, वर पाहुणे येणारेत का? निसूचा वास येतोय."

खरंच येतोय. पहाटे उठून त्यानं पाव भाजलाय. लग्नानंतर पहिल्यांदाच.

(जरा वेळानं)

काहीतरी चाललंय. मी टॉवेल घेऊन बाहेर गेले तर आर्वोनं दारावरची पाटी उलटी केलेली. बंद! शनिवारी, सकाळी अकराला! थांबलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "सोमवारी— नाही, मंगळवारी या. आज पैसे नाहीत कुणाचे, सगळे जा." हिल्डिंगची एक बाजू झालेली, एक नाही. त्यांना म्हणाला, "तू बस. तूही सही केली होतीस."

मग तो गल्ल्यापाशी गेला. खालचा खण, तो अडकणारा, त्यानं दोन्ही हातांनी ओढून काढला. बापाचे वस्तरे एकेक करून बाजूला ठेवले. मी विचारलं, काय शोधताय, मी मदत करू? त्यानं मान हलवली. मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं: गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसला, आरशाकडे तोंड करून, हात मांडीवर, हातांखालून कशाची तरी पांढरी कड दिसत होती.

"काय झालंय?" मी विचारलं. "बरं वाटत नाहीये का?"

"जा आत. टॉवेल बघ," म्हणाला. "मी हाक मारीन. त्याला येऊ दे. त्याच्यासमोर एकदाच बोलेन. दोनदा माझ्याच्यानं बोलवणार नाही."

"कुणाला येऊ दे?"

तो आरशातून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे नीलोचे आहेत हे मला आजवर कसं दिसलं नव्हतं?

म्हणून परत इथे बसलेय. टॉवेल जास्त शिजले. बाहेर गाडी थांबली. इंजिन बंद झालं तरी कुणी उतरत नाहीये. खिडकीची काच हातानं पुसून बघते.

नॉर्थ डकोटाची नंबर प्लेट आहे. चाकांपासून टपापर्यंत रस्त्यावरच्या मिठाचा चिखल. आता दार उघडलं. दाढी वाढलीय, टोपी हातात घेतलीय, आणि या खेपेला बूट पायरीवर काढून ठेवतोय.

रेमी आलाय.